भावकीचं पत्र कधी सोडायचं

पत्र कधी सोडायचं ह्यावरनं आमच्या भावकीत जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधावरनंसुद्धा झाली नसतील. आणि बांधावरनं काही कमी झालेली नाहीत.

मी रंगराव शिंत्रे. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढली. गाडी कधी सुटणार ते माइकवर सांगायचं आणि ती सुटली नाही की प्रवाशांच्या शिव्या खायच्या, असलं काम. निवृत्त होऊन गडहिंग्लजजवळ आमच्या हेळेवाडीला येऊन राहिलो, तर भावकीनं हे पत्र माझ्या गळ्यात बांधलं. शिंत्र्यांची चारशे बारा घरं. निम्मी पुण्या-मुंबईला, काही बेळगावला, दोन-चार पार कॅनडात. त्या सगळ्यांना दर आठवड्याला ईमेलनं एक पत्र जायचं. कुणाकडं पाळणा हलला, कुणाचं जमलं, कुणाचं पोरगं कुठं चिकटलं, कोण आजारी, कोण गेलं.

हे पत्र निघालं ते रुसव्यांपायी. ‘आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई’ ह्या एका वाक्यावर आमच्यात तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. पत्रिका हातात दिली की नुसती पाठवली, सांगायला थोरला आला की धाकट्याला धाडलं, फोन बाईला केला की बाप्याला, सगळ्यात मानपान. शेवटी एकदा देवळात बैठक बसली आणि ठराव झाला : पत्रात आलं म्हणजे कळवलं. त्यावर कुणी रुसायचं नाही. तो ठराव मीच लिहिला होता, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या तेव्हा मला भारी काही केल्यासारखं वाटलं होतं.

मी वेळ ठरवली, गुरुवारी सकाळी साडेसात. झालं! लागले बोंबलायला.

“तात्या, साडेसातला मी पोरांच्या डब्यात असतोय. पत्र खाली दबून जातंय,” पुण्याचा दिनकर.

“गुरुवारी आमची शेतीची लाइट दिवसा असते. मोटर सोडून तुझं पत्र वाचत बसू व्हय?” गावातलाच शिवगोंडा.

कॅनडातली सून म्हणाली, तिकडं तेव्हा रात्र असते. रविवारी संध्याकाळी सोडून बघितलं, तर दुपारी मटण हाणून सगळे आडवे. सोमवारी सोडलं, तर सोमवारी कुणाला जगायचीच इच्छा नसते. चारशे बारांतले दीडशे लोक पत्र उघडायचे. उरलेले लग्न चुकलं की म्हणायचे, आलं असेल, आम्ही बघितलं न्हाई. म्हणजे रुसवा होताच जाग्यावर, ठरावाचा नुसता बोऱ्या वाजला होता.

तेव्हा माझ्या चुलतभावाची पोरगी, ईश्वरी, म्हणाली, “तात्या, सगळ्यांना एकच वेळ कशाला? ज्याची त्याची वेळ असू दे की.”

ईश्वरी कोल्हापुरात संगणकाच्या कंपनीत होती. तिनं मला ‘सुवेळ’ समजावून सांगितलं. मी चार वेळा विचारलं, ती चार वेळा न चिडता बोलली. त्या पोरीचा हा गुण मला त्या दिवशी फार आवडला होता.

तोवर मनगटावर पट्टी नसलेला माणूस औषधालाही उरला नव्हता. बीपीच्या गोळीपासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं त्या पट्टीवर चालायचं. आपल्याला वाटतं, छातीचे ठोके घड्याळासारखे एका मापात पडतात. तसं नसतं. माणूस निवांत असला की दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं. श्वास आत घेतला की ठोके जरा घाई करतात, सोडला की रेंगाळतात. ताण आला की हे रेंगाळणं आटतं आणि ठोके ताठ, एकसारखे पडायला लागतात. पट्टी ते मोजते. जोडीला कातडीवरचा बारीक घाम, आणि मोबाइलवर अंगठा किती वेगानं सरकतोय तेही. महिनाभर असं मोजलं की ‘सुवेळ’ला अंदाज यायचा, की पुढच्या दहा मिनिटांत ह्या माणसाचं मन काही वाचून घ्यायला किती मोकळं असेल. मोकळं असेल तर पत्र सुटायचं. नसेल तर त्या माणसापुरतं ते थांबून राहायचं, पुढच्या मोकळ्या घटकेची वाट बघत.

“आणि ते शिकतं बरं का,” ईश्वरी म्हणाली. “पत्र वाचल्यावर ठोके किती वेळात जाग्यावर येतात तेपण बघतं. कुणी फारच अस्वस्थ झालं, लवकर सावरलं नाही, तर त्याला कळतं की आपली वेळ चुकली. मग त्या माणसाला त्या पाठवणाऱ्याचं पुढचं पत्र देताना ते आणखी निवांत वेळ शोधतं.”

“म्हणजे माणसापेक्षा बरं की,” मी म्हणालो. खरंच कौतुक वाटलं मला. एकतीस वर्षांत मला एक ड्रायव्हर असा भेटला नव्हता, जो स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतोय.

पहिल्याच महिन्यात आकडा चारशेवर गेला. चारशे तीन, चारशे सहा, चारशे सात. दर बुधवारी ईश्वरीनं लावून दिलेल्या पडद्यावर मी तो आकडा बघायचो आणि बायकोला, शालनला, हाक मारून दाखवायचो. उरलेले पाच-सहा कोण, हे उघडून बघायची सोय होती. मी बघितलं नाही. बंद पडलेले पत्ते असतील म्हटलं.

पण हळूहळू डोकं उठायला लागलं. पूर्वी गुरुवारी पारावर गेलं की पत्रावर चर्चा व्हायची. आता मी तोंड उघडलं की चौघं कानावर हात ठेवायचे. “सांगू नका तात्या, मला अजून यायचंय!” एका घरात राहणाऱ्या दोन भावांना पत्र तीन दिवसांच्या अंतरानं यायचं, आणि धाकटा म्हणायचा, दादाला आधी कसं? बंडूला त्याच्या स्वतःच्या नातवाच्या जन्माची बातमी माझ्या पत्रातनं आली ती बारशानंतर आठव्या दिवशी. वर मला म्हणतो, “पण काय सांगू तात्या, वाचताना लई निवांत होतो. डोळ्यांत पाणी आलं.”

“आरं मर्दा, बारशाला तूच पेढे वाटलेस की!”

“ते वेगळं. वाचणं वेगळं.”

मी म्हटलं, मरू दे, परत साडेसात करू. कुणी ऐकेना. हवं तेव्हा येतंय, वाचून बरं वाटतंय, आता मोडू नका. चारशे बारा घरांनी एकमतानं काही मागितल्याची शिंत्र्यांच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ असावी, म्हणून मी गप्प बसलो.

आता सर्जाचं सांगतो.

सर्जेराव माझा धाकटा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. आमची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आम्हाला दोघांनाही वाढवलं ते आक्कानं, आमच्या थोरल्या बहिणीनं. शाळेचं तोंड न बघता तिनं भाकऱ्या थापल्या. पुढं लग्न झालं, दहा वर्षांत विधवा होऊन परत आली, आणि तेव्हापासनं माझ्याकडंच आहे. सर्जा म्हणजे तिचा जीव की प्राण. मी नुसता भाऊ.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आबांचं वर्षश्राद्ध होतं. सर्जा आला नाही. फोन नाही, निरोप नाही. भावकी जेवून गेली, आणि हात धुता धुता प्रत्येकानं विचारलं, धाकटा कुठाय? माझं टाळकं सटकलं. त्या आठवड्याच्या पत्रात मी लिहिलं : ‘कै. आबासाहेबांचे वर्षश्राद्ध थोरल्या चिरंजीवांनी यथासांग पार पाडले. धाकटे चिरंजीव श्री. सर्जेराव यांना सवड झाली नाही.’

एवढंच. एक ओळ. चारशे बारा घरांना.

महिन्याभरानं उडत उडत कळलं, की त्या दिवशी सर्जाच्या बायकोचं, सुमनचं, पोटाचं ऑपरेशन होतं आणि तो दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. आता ते त्यानं सांगायला नको होतं का? माणूस सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि मी तरी विचारायला हवं होतं म्हणा. पण छापून झालं होतं. पुढच्या अंकात दिलगिरी टाकावी असं शालन म्हणाली. मी म्हणालो, त्यानं आधी एक शब्द बोलू दे. तो बोलला नाही. मी दर गुरुवारी पत्र लिहीत राहिलो. दर वेळी त्यात आबांची एखादी आठवण, नाहीतर आमच्या लहानपणाचं काहीतरी मुद्दाम घालायचो, की ह्यानं वाचावं. एक उत्तर नाही. दगडाला पाझर फुटेल, पण आमच्या सर्जाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत हिंडायचो.

ह्या वैशाखात आक्काचा आवाज बसला. दोन महिने काढे प्याली. मग कोल्हापूरला दाखवलं, तर घशात गाठ. स्वरयंत्रच काढावं लागणार. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण बोलणं संपलं. गळ्याला भोक ठेवून त्यातनं श्वास. हल्ली जुन्या रेकॉर्डिंगवरनं हुबेहूब आवाज करून देतात, ते यंत्र गळ्यात अडकवायचं, आपण टाइप करायचं, ते बोलतं.

“त्यो काय माझा आवाज न्हवं,” आक्का म्हणाली. “आणि टाइप करायला मी काय मामलेदार हाय?” सहीपुरतं लिहिता येतं तिला.

दवाखान्यातनं परत येताना गाडीत तिनं माझा हात धरला. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, “सर्ज्याला बलीव. त्येला तोंडानं काय सांगायचं हाय मला. तेवढं झालं की मग खुशाल कापा म्हणावं.”

“तू फोन कर की. तुझं ऐकंल.”

“मी न्हाई करायची. तू तोडलास, तू जोड. माझ्या दुखण्यावर तुमची समेट नको. तू बलीव.”

“कळवतो,” मी म्हणालो.

आणि कळवलं. पत्रात. अगदी वर, ठळक अक्षरात : ‘श्रीमती हौसाबाई (आक्का) यांच्या स्वरयंत्राची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात दुसऱ्या सोमवारी. त्यांच्याशी ज्यांना बोलायचे आहे, त्यांनी त्याआधी यावे.’ त्यातला ‘ज्यांना’ कोण हे मला माहीत होतं, त्यालाही कळणार होतं. लागोपाठ तीन गुरुवार टाकलं. फोन उचलून दहा आकडे दाबायला माझे हात मोडले नव्हते. पण दोन वर्षं ज्यानं एका पत्राला उत्तर दिलं नाही, त्याच्यापुढं मी थोरला असून नाक घासू? ठराव होता आमचा. पत्रात आलं म्हणजे कळवलं.

लोक आले. दिनकर पुण्याहून आला, कॅनडातल्या सुनेनं तासभर व्हिडिओवर बोलून घेतलं, शिवगोंडा दोन किलो पेढे घेऊन रडत आला. आक्का सगळ्यांशी बोलली, आणि प्रत्येक गाडीचा आवाज आला की दाराकडं बघायची.

“सर्ज्या?”

“कळवलंय त्याला. आता त्याची मर्जी.”

हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल, आता मोजवत नाही.

शनिवारी तिला दवाखान्यात भरती केलं. शालन सोबत राहिली. ऑपरेशन सोमवारी दुपारी एकला. सोमवारी सकाळी ईश्वरी मला न्यायला तिची गाडी घेऊन आली. मी शर्ट घालता घालता चरफडत होतो.

“ईश्वरी, त्या पडद्यावर दिसतं ना कुणी पत्र कधी उघडलं ते? सर्जाचं काढ. मोबाइलवर फोटो घेऊन ठेव. आक्काला दाखवतो, की बघ, वाचूनसुद्धा आला नाही तुझा लाडका.”

ईश्वरी काढायला बसली. मी बूट घातले तरी तिचं बोट पडद्यावर वर-खाली फिरतच होतं.

“काय झालं?”

“तात्या, काकांना पत्र गेलेलंच नाही.”

“कुठलं?”

“कुठलंच. दोन वर्षं झाली. एकशे चार पत्रं थांबलीत.”

मी म्हटलं, खुळी का काय. तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. सर्जेराव शिंत्रे, सांगली. शेवटचं पोचलेलं पत्र, आबांच्या वर्षश्राद्धाचं. त्याच्यापुढं एक खूण. ते वाचल्यावर त्याचे ठोके जाग्यावर यायला अकरा तास लागले होते. बाकी लोकांना फार तर वीस मिनिटं लागायची.

ईश्वरी हळू आवाजात सांगत गेली. ‘सुवेळ’नं त्या अकरा तासांवरनं शिकून घेतलं होतं, की रंगराव शिंत्र्यांचं पत्र ह्या माणसाला फार लागतं, तेव्हा ह्याच्यासाठी फार फार निवांत घटका पाहिजे. मग बीपी वाढलं म्हणून त्याच्या पोरानं पट्टीवर आणखी कडक शांतता लावलेली, म्हणजे ताण देणारे आणि अनोळखी फोन-निरोप बाहेरच थांबवायचे. यंत्रानं माप इतकं वर नेऊन ठेवलं होतं, की सांगलीत मोटरी भरणाऱ्या, आजारी बायकोचं करणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात तेवढी निवांत घटका आलीच नव्हती. चारशे बारा घरांत माझ्या पत्रानं जो सगळ्यात जास्त हलला, नेमकं त्यालाच पत्र जात नव्हतं. आणि उरलेले पाच-सहा बंद पडलेले पत्ते म्हणून मी कधी नाव उघडून बघितलं नव्हतं!

“सोड सगळी! आत्ता सोड!”

“सोडली तरी त्यांच्या पट्टीत अडकणार, तात्या. फोन लावा.”

लावला. वाजलाच नाही, तिकडं गोड आवाजात बाई म्हणाली, योग्य वेळी आपला कॉल जोडण्यात येईल. माझा नंबरही त्याच थांब्यावर! ईश्वरीच्या नंबरवरनं केला, अनोळखी म्हणून तोही थांबला. त्याच्या पोराचा नंबर माझ्याकडं नव्हता, सुमनचाही नव्हता. चारशे बारा घरांचा संपादक मी, आणि सख्ख्या पुतण्याचा नंबर नाही. सांगलीतल्या दुसऱ्या कुणा शिंत्र्याला त्याच्या दारात धाडायचं ईश्वरीनं सुचवलं, पण दोन भावांच्या भांडणात तिसरा कशाला, म्हटलं.

“चल सांगलीला,” मी म्हणालो. सव्वाआठ वाजले होते. अकरापर्यंत सांगली, तिथनं सव्वा तास कोल्हापूर. एकच्या आत सर्जाला आक्कापुढं उभा करतो. शालनला फोन करून सांगू या का, असं ईश्वरीनं विचारलं. मी म्हटलं, नको. आधी तो गाडीत बसू दे. उगाच तिला आस लावायची आणि ह्यानं यायला नाही म्हणायचं.

वाटेत निपाणीपाशी एका कंटेनरनं अर्धा रस्ता अडवला होता. त्या ड्रायव्हरला मी काच खाली करून जे बोललो ते इथं लिहीत नाही. ईश्वरीनं काच वर घेतली.

अकराला पाच कमी असताना सर्जाच्या दुकानाशी उतरलो. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. तो स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचं वेटोळं भरत होता. केस पार पांढरे झालेले. माझ्याकडं बघितलं आणि हात थांबवला नाही.

“काय, वाट चुकलास?”

बस. एवढ्यानं माझं डोकं फिरलं. अडीच तास गाडीत मी मनाशी घोकत आलो होतो, की पहिलं वाक्य आक्काचं. ते राहिलं बाजूला.

“दोन वर्षं एक शब्द न्हाई, आणि वर मलाच इचारतूस वाट चुकलास का?”

“मी शब्द न्हाई? भावकीत माझं नाव काढून टाकलंस. दोन वर्षं एक पत्र न्हाई आलं. अख्ख्या सांगलीतल्या शिंत्र्यांस्नी येतंय, मला न्हाई. लोकांच्या मोबाइलवर वाचू व्हय मी माझ्या घरच्या बातम्या?”

“मी न्हाई काढलं! दर गुरुवारी लिवतोय. त्या यंत्रानं—”

“यंत्रानं! सवड झाली न्हाई, हे यंत्रानं लिवलं का तू?”

खिशात फोन वाजायला लागला. मी वरनंच दाबून बंद केला.

“तुझी बायको आजारी हाय हे मला स्वप्नात दिसणार हुतं?”

“एक फोन करून इचारायचास! थोरला हाईस न्हवं? सुमी धोक्याभाईर आली म्हणून जरा टेकलो, तर माझ्या मोबाइलवर तुझं पत्र आलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलंय मी ते.”

परत फोन वाजला. परत दाबला. मागनं ईश्वरी म्हणाली, “तात्या, वेळ—” आणि मी तिच्या अंगावर ओरडलो, “गप बस की जरा! दोन वर्षांचं बोलून घेऊ दे आम्हाला.”

बोललो आम्ही. आबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं, कुणी कुणाला लग्नात पुढं बसवलं नाही, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत माझी सायकल कुणी विकली, सगळं निघालं. दोन म्हातारे रस्त्यावर हातवारे करतायत, शेजारचा टायरवाला काम सोडून बघतोय. आतनं सुमन भिंतीला धरत धरत बाहेर आली. आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं तिनं.

“दादा,” ती मला म्हणाली, “तुम्ही आलाय कशाला ते तरी सांगा आधी.”

तेव्हा मी सांगितलं.

सर्जाच्या हातातलं वेटोळं खाली पडलं. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. “फोन लाव आक्काला,” म्हणाला. “आत्ता लाव. फोनवर बोलतो मी तिच्याशी.”

खिशातनं फोन काढला. शालनचे दोन कॉल, अकरा वाजून सहा आणि अकरा वाजून अकरा. आता अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी लावला.

“अहो, कुठं होता तुम्ही?” शालन म्हणाली. “आधीच्या पेशंटचं रद्द झालं, म्हणून आक्कांना लवकर बोलावलं. आक्काच म्हणत होत्या, रंग्याला लाव. दोनदा लावला. दारात थांबल्या होत्या त्या, सिस्टरला हाता-पाया पडून. आत्ताच नेलं. दहा मिनिटंही झाली नाहीत.”

“परत बोलव! दोन मिनिटं म्हणावं—”

“भूल दिली त्यांना.”

सर्जानं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. गाडीत बसला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती, ती सुमननं तशीच धडपडत येऊन खिडकीतनं दिली.

कोल्हापूरपर्यंत मी यंत्राला शिव्या देत होतो, मनातल्या मनात. ते बनवणाऱ्याला, पट्टी विकणाऱ्याला, कंटेनरवाल्याला, ज्याचं ऑपरेशन रद्द झालं त्या पेशंटलासुद्धा. सगळ्यांना घालून झाल्या तरी पंधरा किलोमीटर उरले होते.

संध्याकाळी सहाला डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. गाठ निघाली, जिवाला धोका नाही. काचेतनं बघितलं तर आक्का एवढीशी दिसत होती, गळ्याला नळी. सर्जा चहा आणायला खाली गेला तेव्हा शालननं मला बाकावर बसवलं.

“काय म्हणाल्या शेवटी, ते सांगू का नको असं झालंय मला.”

“सांग.”

“तुम्ही दुसऱ्यांदा फोन कापला, तेव्हा सिस्टर म्हणाली, आजी, चला आता. तर आक्का मला म्हणाल्या, ‘सर्ज्या न्हाई यायचा असं व्हायचंच न्हाई. रंग्यानं त्येला सांगिटलंच नसंल. सांगिटलं असतं तर त्यो अनवाणी पळत आला असता.’ मग आत नेलं.”

तीन गुरुवार, ठळक अक्षरात. आणि ती बाई, जिला पत्र वाचता येत नाही, तिला माहीत होतं की मी कळवलेलं नाही. स्वतःच्या आवाजात बोललेलं तिचं शेवटचं वाक्य ते, आणि ते माझ्याबद्दल होतं. सर्जाला काय सांगायचं होतं ते तिच्याबरोबरच राहिलं. यंत्रानं पत्र अडवलं हे खरंच. पण आज सकाळी सांगलीत यंत्र नव्हतं. तिथं मी होतो.

सर्जा दोन कप चहा घेऊन आला. एक मला दिला. सकाळपासनं त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि मनगटावरची पट्टी सारखी लाल होत होती.

“वैनी, आक्का शेवटचं काय बोलली?” त्यानं विचारलं.

शालननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणणार होतो, की आधी काहीतरी खाऊन घे. उद्या सांगतो, जरा निवांत झालास की. शब्द ओठांवर आले होते. मग मला कळलं मी काय करतोय ते, आणि स्वतःचीच भयंकर चीड आली.

“थांब शालन, मी सांगतो,” मी म्हणालो. आणि सांगितलं. आक्काचे शब्द जसेच्या तसे, एक न गाळता. फोन दोनदा मी कापला तेही सांगितलं.

सर्जानं ऐकून घेतलं. कप बाकावर ठेवला, उठला आणि काचेपाशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडं पाठ होती त्याची.

“बरोबर वळखलंय आक्कानं तुला,” तो म्हणाला.